उभं पान की आडवं? तक्ता छापण्याआधीचं गणित

प्रिंट दिली आणि ‘शेरा’ हा शेवटचा रकाना एकटाच दुसऱ्या पानावर निघाला, की बहुतेक जण लगेच पान आडवं करतात. रकाना पहिल्या पानावर येतो खरा, पण तेवढ्यात खालच्या पंधरा-सोळा ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात. मग कुणीतरी ‘सगळं एकाच पानावर बसवा’ हा पर्याय निवडतं आणि अक्षर मुंगीएवढं होतं. तहसीलच्या बैठकीला जाणारं पत्रक असो, शाळेचा निकाल असो की बचत गटाचा हिशेब, हा घोळ सगळीकडे सारखाच दिसतो. पान उभं ठेवायचं की आडवं, हे नजरेच्या अंदाजानं ठरवलं जातं, म्हणून तो होतो. खरं तर ते दोन मिनिटांच्या बेरीज-भागाकारानं ठरतं.

आधी कागद. ए-फोर कागद २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी उंच असतो. एक्सेल नेहमीच्या मांडणीत डावी-उजवीकडे साधारण १८ मिमी आणि वर-खाली १९ मिमी समास सोडतं. म्हणजे उभ्या पानावर छापायला १७४ मिमी रुंदी आणि २५९ मिमी उंची उरते, तर आडव्या पानावर २६१ मिमी रुंदी आणि १७२ मिमी उंची. एक्सेलची नेहमीची ओळ १५ पॉइंट, म्हणजे ५.३ मिमी उंच असते. त्या हिशेबानं उभ्या पानावर सुमारे ४८ ओळी मावतात आणि आडव्यावर ३२. पान आडवं केलं की रुंदी दीडपट मिळते आणि ओळी एक तृतीयांशानं घटतात. हा व्यवहार आधी डोक्यात पक्का असला, की पुढचं सगळं सोपं जातं.

आता तक्ता किती रुंद आहे ते बघायचं. एक्सेलमध्ये रकान्याची रुंदी एरवी अक्षरांच्या संख्येत दिसते. ८.४३ हा आकडा बघून कागदावर किती जागा लागेल ते कळत नाही. त्यासाठी ‘व्ह्यू’ टॅबमधून ‘पेज लेआउट’ दृश्य उघडा. या दृश्यात रकान्याच्या डोक्यावर उजवं बटण दाबून ‘कॉलम विड्थ’ उघडलं, की रुंदी सेंटिमीटरमध्ये दिसते आणि सेंटिमीटरमध्येच देताही येते. तिथं इंच दिसत असतील तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या वाटेनं जाऊन ‘डिस्प्ले’खाली मोजपट्टीचं एकक सेंटिमीटर करून घ्या. सगळ्या रकान्यांची बेरीज करा. ती १७४ मिमीच्या आत असेल तर प्रश्नच नाही, पान उभंच राहू द्या.

बेरीज त्याहून जास्त भरली तर अक्षर किती बारीक झालेलं चालेल, हे आधी ठरवावं लागतं. मराठी मजकुराला इथं इंग्रजीचा नियम लावू नये. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार येतात आणि पायाशी उकार. त्यांच्यासाठी वर-खाली जागा राखायची असल्यानं मधलं मूळ अक्षर त्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतं. त्यात पुन्हा प्रिंटची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघते. अशा कागदावर आधी गळतात ती हीच बारीक चिन्हं. नांदेड जिल्ह्याच्या यादीत रफार उडाला की अर्धापूरचं ‘अधापूर’ होतं, उकार पुसला की मुखेडचं ‘मखेड’, आणि जालन्याच्या यादीत अनुस्वार गेला की अंबडचं ‘अबड’. गावाचं नाव ओळखीचं असतं म्हणून माणूस सावरून घेतो. आडनावाच्या आणि गट क्रमांकाच्या बाबतीत तेवढी सोय नसते. म्हणून तक्त्यातलं मराठी अक्षर कागदावर ९ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मूळ अक्षर ११ पॉइंटचं असेल तर ते ९ पर्यंत खाली आणणं म्हणजे ८२ टक्क्यांवर छापणं. हा आकडा हाताशी ठेवून उलटा हिशेब करा. १७४ भागिले ०.८२ म्हणजे २१२. तक्ता २१२ मिमीपर्यंत रुंद असेल तर थोडा आकसून उभ्या पानावर वाचता येण्याजोगा बसतो. २६१ भागिले ०.८२ म्हणजे ३१८. २१२ ते ३१८ मिमी रुंदीच्या तक्त्याला पान आडवं करावं. त्याच्याही पुढे गेला तर ए-फोर कुठल्याही बाजूनं फिरवून उपयोग नाही. तिथं रकाने कमी करावे लागतात, तक्ता दोन भागांत तोडावा लागतो किंवा ए-थ्री कागद घ्यावा लागतो. ए-थ्री म्हणजे दोन ए-फोर शेजारी शेजारी, २९७ गुणिले ४२० मिमी. आडव्या ए-थ्रीवर याच हिशेबानं साधारण ४६८ मिमीपर्यंतचा तक्ता जातो.

आणि सुरुवातीचा तो एकटा पडलेला ‘शेरा’? तिथं बहुतेक वेळा तक्ता १८०-१८५ मिमी भरलेला असतो. पान आडवं करायची गरजच नसते. अनुक्रमांकाचा रकाना दोन आकड्यांपुरता अरुंद करा, नावाच्या रकान्यातली मोकळी जागा काढा, किंवा ‘पेज लेआउट’ टॅबवर ‘स्केल’ ९४ टक्के करा. एवढ्यात काम होतं.

पान फिरवण्याआधी तक्ता फिरवून बघा

मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके. समजा, आठही जिल्ह्यांचा महिन्यांनुसार पाऊस एका पानावर द्यायचा आहे. जिल्हे ओळींत घेतले आणि बारा महिने रकान्यांत, तर जिल्ह्याच्या नावाला ४० मिमी, बारा महिन्यांना प्रत्येकी १५ प्रमाणे १८०, एकूणचा रकाना २०, अशी बेरीज २४० होते. पान आडवं करावं लागतं आणि आठच ओळी असल्यामुळे खालचं निम्म्याहून जास्त पान रिकामं राहतं. हाच तक्ता पालटून महिने ओळींत घेतले तर महिन्याच्या नावाला २२, आठ जिल्ह्यांना प्रत्येकी १६ प्रमाणे १२८, मिळून १५० मिमी; एकूणचा रकाना खाली ओळ होऊन जातो. उभ्या पानावर शंभर टक्के आकारात बसतो. पालटायला सगळं परत टाइप करावं लागत नाही. तक्ता कॉपी करून रिकाम्या जागी ‘पेस्ट स्पेशल’ घ्या आणि ‘ट्रान्सपोज’वर खूण करा. फक्त तक्त्यात सूत्रं असतील तर पालटल्यावर एकूण बेरजा एकदा ताडून बघा.

यात एक गोष्ट मात्र विचारात घ्यावी लागते. आकड्यांची तुलना वरून खाली पटकन होते, डावीकडून उजवीकडे जरा सावकाश. एका जिल्ह्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कसा पडत गेला हे दाखवायचं असेल तर महिने ओळींत असणंच बरं. लातूर आणि धाराशिवचा जुलै शेजारी ठेवून बघायचा असेल तर जिल्हे ओळींत हवेत, मग पान आडवं झालं तरी चालेल. वाचणाऱ्याला काय काय जोडून बघायचंय, त्यावर हे ठरवा.

पालटलेल्या तक्त्यात १६ मिमीच्या रकान्यावर ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव आडवं मावणार नाही. ते उभं फिरवावं लागतं, आणि इथं एक नेहमीचा गोंधळ होतो. एक्सेलमध्ये ‘ओरिएंटेशन’ नावाची दोन बटणं आहेत. ‘होम’ टॅबवरचं बटण चौकटीतला मजकूर तिरका किंवा उभा करतं. ‘पेज लेआउट’ टॅबवरचं बटण कागद फिरवतं. मथळ्यासाठी ‘होम’वरचं घ्या आणि त्यात ‘रोटेट टेक्स्ट अप’ निवडा. त्याच यादीतलं ‘व्हर्टिकल टेक्स्ट’ मराठीला वापरू नका. ते अक्षरं एकाखाली एक रचतं, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचा शब्द राहत नाही.

७६ तालुके आणि बारा महिने असा मोठा तक्ता असेल तर पालटून भागत नाही, ७६ रकाने कुठल्याच कागदावर येणार नाहीत. इथं आडवं पानच योग्य. जिल्हा ३०, तालुका ३२, बारा महिने प्रत्येकी १४ म्हणजे १६८, एकूण १८. बेरीज २४८ मिमी, आकसायची गरज नाही. मथळ्याला आणि रकान्यांच्या नावांना २२ मिमी गेले तर आडव्या पानावर २८ ओळी उरतात, म्हणजे तीन पानं. ही पानं कुठं तोडायची ते आपण ठरवायचं. संगणकावर सोडलं तर एखादा जिल्हा मधोमध फुटतो. पहिल्या पानावर छत्रपती संभाजीनगरचे ९, जालन्याचे ८ आणि बीडचे ११ घेतले तर बरोबर २८ होतात. दुसऱ्यावर परभणीचे ९, हिंगोलीचे ५, लातूरचे १०. तिसऱ्यावर नांदेडचे १६ आणि धाराशिवचे ८. एकही जिल्हा फुटत नाही. नव्या पानावर जी ओळ पहिली यायला हवी ती निवडून ‘पेज लेआउट’ टॅबवर ‘ब्रेक्स’ आणि मग ‘इन्सर्ट पेज ब्रेक’ द्या. मात्र अशा फुटी टाकायच्या असतील तर ‘फिट टू’चे (ठरावीक पानांत बसवण्याचे) पर्याय बंद ठेवा आणि आकार टक्केवारीनंच द्या. ‘फिट टू’ चालू असताना हातानं टाकलेली फूट पाळली जाईल याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर रकान्यांची नावं आली नाहीत तर ते पान निरुपयोगी. ‘पेज लेआउट’, ‘प्रिंट टायटल्स’ उघडून ‘रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप’मध्ये मथळ्याच्या ओळी द्या. तक्ता आडवा पसरून दोन पानांवर जात असेल तर ‘कॉलम्स टू रिपीट अ‍ॅट लेफ्ट’मध्ये नावाचा रकाना द्या. नाहीतर दुसऱ्या पानावरचे आकडे कुणाचे ते शोधायला पट्टी घेऊन बसावं लागतं.

हजेरीपट: जिथं आकसणं चालतच नाही

हातानं भरायच्या तक्त्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथं चौकटीत पेन फिरायला हवं. ३१ तारखांचा हजेरीपट घ्या. ‘ह’ किंवा ‘गै’ नीट लिहायला चौकट किमान ६ मिमी रुंद लागते. ३१ गुणिले ६ म्हणजे १८६ मिमी. अनुक्रमांक ८, नाव ५०, एकूण दिवस १५. बेरीज २५९ मिमी. उभ्या पानावर हा पट बसवायचा तर तो ६७ टक्क्यांवर येतो आणि सहाची चौकट चार मिमीची होते. तीत ‘गै’ लिहिताना मात्रा वरच्या ओळीत आणि पाय खालच्या ओळीत जातो. महिनाअखेर मोजणी करताना कुणाची खूण कुणाच्या ओळीत गेली ते कळत नाही.

म्हणून पान आडवं घ्यायचं आणि समास स्वतः लावायचे. फाईलला टॅग घालण्यासाठी डावीकडे २५ मिमी ठेवा, उजवीकडे ८ पुरे. २९७ मधून ३३ गेले, २६४ उरले, पट बसला. समास यापेक्षा फार कमी करू नका. घरगुती आणि कचेरीतल्या बहुतेक लेझर प्रिंटरना कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापताच येत नाहीत, तिथली रेघ कापली जाते. ओळीची उंची २० पॉइंट, म्हणजे ७ मिमी ठेवा. वर महिना, गाव, इयत्ता किंवा कामाचं नाव लिहायला जागा सोडून एका पानावर २२ नावं आरामात येतात. ४० नावांना दोन पानं लागतील, लागू द्या. एका पानाच्या बचतीसाठी ओळ पाच मिमीची केली तर सहीला जागा उरत नाही.

टाइप केलेल्या तक्त्यातही ओळीची उंची तपासावी. ओळ हातानं लहान केलेली असेल तर मराठी अक्षरांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात, आणि हे पडद्यापेक्षा कागदावर जास्त दिसतं. ओळी निवडून ‘होम’ टॅबच्या ‘फॉरमॅट’मधलं ‘ऑटोफिट रो हाइट’ द्या, मग पान मोजा. आकड्यांच्या रकान्यातही अक्षरभर मोकळी जागा ठेवा. पडद्यावर जेमतेम मावणारा आकडा छापताना मावत नाही आणि त्याच्या जागी जाळीच्या (#) खुणा उमटतात.

प्रिंट देण्याआधी कंट्रोल आणि पी दाबून एकूण पानं किती दाखवतोय ते बघाच. दोन पानांच्या तक्त्याला ४७ पानं दिसली तर दूर खाली किंवा उजवीकडे एखाद्या चौकटीत स्पेस किंवा चौकटीची रेघ पडून राहिलेली असते. कंट्रोल आणि एंड दाबलं की एक्सेल ज्या चौकटीला शेवट समजतंय तिथं नेतं. तिथलं साफ करा, किंवा हवा तेवढाच भाग निवडून ‘प्रिंट एरिया’, ‘सेट प्रिंट एरिया’ द्या. आणखी एक, पानाची दिशा प्रत्येक शीटची वेगळी असते. बारा महिन्यांच्या बारा शीट असतील तर कंट्रोल दाबून सगळ्यांच्या टॅबवर क्लिक करा आणि ‘पेज सेटअप’मध्ये एकदाच आडवं करा. नंतर ही निवड मोडायला विसरू नका. ती तशीच राहिली तर एका शीटवर टाइप केलेला आकडा बाराही शीटवर लिहिला जातो आणि वर्षभराचा हिशेब बिघडतो.

गूगल शीट्समध्ये दिशा प्रिंटच्याच खिडकीत निवडायची असते. तिथं ‘स्केल’मध्ये ‘फिट टू विड्थ’ घ्या, आणि मथळा प्रत्येक पानावर यावा म्हणून तक्ता करतानाच वरच्या ओळी ‘फ्रीझ’ करून ठेवा.

अहवालात मध्येच एक आडवं पान

अर्ज, पत्र, ठराव, अहवाल यांचं पान उभंच असावं. आडव्या पानावर एकेक ओळ २५ सेंटिमीटरची होते, आणि एवढी लांब ओळ संपवून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो. अडचण येते ती वीस पानी उभ्या अहवालात एकच रुंद तक्ता असतो तेव्हा. वर्डमध्ये थेट ‘लँडस्केप’ दाबलं तर सगळी वीस पानं आडवी होतात. कारण वर्ड पानाची दिशा एकेका पानाला लावत नाही, विभागाला (सेक्शनला) लावतं. तक्ता आणि त्याचा मथळा निवडा, ‘लेआउट’ टॅबवर ‘मार्जिन्स’खालचं ‘कस्टम मार्जिन्स’ उघडा, ‘लँडस्केप’ घ्या आणि खाली ‘अप्लाय टू’मध्ये ‘सिलेक्टेड टेक्स्ट’ निवडा. तक्त्याच्या आधी आणि नंतर विभागाची फूट वर्ड स्वतःच टाकतं.

पुढे दोन ठिकाणी घसरतं. आडव्या पानावरचा फूटर (पानाच्या तळाची ओळ) आणि पान क्रमांक जुन्याच रुंदीच्या हिशेबानं बसतात, म्हणून उजव्या कडेची तारीख मध्येच कुठंतरी येते. ती सरळ करायला गेलात तर उभ्या पानांवरचीही हलते. आधी आडव्या विभागात आणि त्यानंतरच्या विभागातही ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा, मग आडव्या पानावरची जागा बदला. दुसरं म्हणजे विभागाची फूट पुसणं. फूट पुसली की तिच्या वरचा मजकूर खालच्या विभागाची दिशा घेतो. एक रिकामी ओळ काढायला म्हणून डिलीट दाबलं आणि आधीची सगळी पानं आडवी झाली, असं झालं तर घाबरू नका. कंट्रोल आणि झेड दाबा, सगळं परत येतं.

बांधणी डावीकडून असेल तर आडव्या पानाचं डोकं बांधणीच्या बाजूला आलं पाहिजे. म्हणजे वाचणारा फाईल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवतो आणि पान सरळ होतं. यासाठी आडव्या पानावर २५ मिमीचा मोठा समास डावीकडे नव्हे, वरच्या बाजूला ठेवावा लागतो. दिशा बदलल्यावर वर्ड समासही फिरवतं, तेव्हा चारही आकडे एकदा वाचून घ्या.

प्रिंटरपाशी आणि झेरॉक्सच्या दुकानात

पान आडवं छापायचं म्हणून ट्रेमध्ये कागद आडवा घालू नये. साध्या ए-फोर प्रिंटरमध्ये कागद नेहमी अरुंद बाजूनंच आत जातो. मजकूर फिरवायचं काम संगणक करतो. कागद फिरवून घातला तर तो अडकतो किंवा अर्धा मजकूर कागदाबाहेर जातो. झेरॉक्सच्या मोठ्या यंत्रांवर ए-फोर दोन्ही बाजूंनी ठेवता येतो. त्यांच्या पडद्यावर ‘ए-फोर आर’ असं दिसलं तर तो अरुंद बाजूनं आत जाणारा ए-फोर. मूळ कागद ज्या दिशेनं काचेवर ठेवला ती दिशा यंत्राला सांगितली नाही तर दोन्ही बाजूंच्या झेरॉक्समध्ये मागची बाजू उलटी निघते.

संगणकावरून दोन्ही बाजूंनी छापतानाही तेच. उभं पान पुस्तकासारखं उलटायचं असेल तर ‘फ्लिप ऑन लाँग एज’. आडवं पान डावीकडून बांधायचं असेल तर ‘शॉर्ट एज’. आडवं पान भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वरून उलटायचं असेल तर पुन्हा ‘लाँग एज’. शंभर पानं काढण्याआधी एकच कागद दोन्ही बाजूंनी छापून उलटून बघा.

कागदाचं मापही बघून घ्या. पुष्कळ संगणकांवर ‘लेटर’ हे अमेरिकी माप आधीपासून लागलेलं असतं. ते ए-फोरपेक्षा ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड असतं. ट्रेमध्ये ए-फोर आणि फाइलमध्ये लेटर असलं की प्रिंटर कागद मागत थांबून राहतो किंवा उजवी कड कापतो. आपल्याकडे दुकानदाराला वाटतं प्रिंटर बिघडला.

फाइल दुसऱ्याच्या संगणकावरून छापायची असेल तर एक्सेल किंवा वर्डची फाइल पाठवू नका. तिथला प्रिंटर वेगळा, तिथं तुमचा मराठी फॉन्ट नसेल, आणि एवढ्या कष्टानं ठरवलेली पानांची फूट दोन ओळींनी सरकते. घरीच ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करा, ती उघडून आडवी पानं आडवीच दिसताहेत ना ते बघा, आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानाचा फोटो काढून पाठवू नका. दुकानदाराला दोनच गोष्टी सांगा: ए-फोर कागद, आणि प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्चुअल साइज’. ‘फिट’ राहिलं तर हजेरीपटाची सहा मिमीची चौकट पुन्हा सहाहून लहान होते.